चीक, पान्हा आणि बाळसे : नवजात बाळाच्या आहाराविषयीच्या मराठी शब्दव्यवहाराची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी साहित्यात आईच्या दुधाचा उल्लेख विपुल आहे. मात्र बाळ जन्मल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत ते काय पिते, कसे पिते, किती वेळा पिते आणि त्यातून त्याची वाढ कशी होते याविषयीचे वर्णन त्या मानाने फारच थोडे आढळते. दूध हे वात्सल्याचे प्रतीक म्हणून येते, ऋणाची खूण म्हणून येते, ईश्वरी कृपेचे रूपक म्हणूनही येते. ज्या क्रियेतून हे प्रतीक निर्माण झाले ती क्रिया मात्र बहुधा शब्दांकनाबाहेर राहते. दुसरीकडे, गेल्या काही दशकांत शासकीय पुस्तिका, भित्तिपत्रके आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची प्रशिक्षण साधने यांतून याच विषयावर मोठ्या प्रमाणात मराठी लेखन झाले आहे. ते साहित्य म्हणून वाचले जात नाही. म्हणून त्याची भाषिक चिकित्साही होत नाही.

प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांबरोबर तिसऱ्या प्रवाहाचा, म्हणजेच घरातील व गोठ्यातील बोलीत टिकून राहिलेल्या शब्दसंपत्तीचा विचार केला आहे. ‘चीक’, ‘पान्हा’, ‘लुचणे’, ‘तान्हे’, ‘बाळसे’ आणि ‘वरचे दूध’ या शब्दांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, आज वैद्यकशास्त्र जे सांगते त्याचा बराचसा भाग या शब्दांत सामावलेला होता; परंतु ललित साहित्याने त्यांचे रूपक केले आणि आरोग्यविषयक लेखनाने त्यांना बाजूला सारून संस्कृतप्रचुर पर्याय स्वीकारले. या दोन्ही प्रक्रियांत दूध पिणारे बाळ ‘कर्ता’ म्हणून लोप पावले आणि दूध कमी पडल्याचा दोष आईवर येऊन पडला. विवेचनाचे क्षेत्र म्हणून वसई-विरार व पालघर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला असून आवश्यक तेथे महाराष्ट्रातील अन्य उदाहरणे घेतली आहेत.

१. परंपरा एक नव्हे

पहिल्या दिवशी बाळाला आईचे दूध देऊ नये, तो चीक काढून टाकावा, तोवर मध किंवा गुळाचे पाणी चाटवावे, ही समजूत ‘परंपरा’ या एका शब्दाखाली सांगितली जाते. प्राचीन ग्रंथ पाहता ही परंपरा एकसंध नाही हे स्पष्ट होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात स्त्रीला दूध तीन वा चार रात्रींनंतर येते असे निरीक्षण असून, पहिले तीन दिवस बाळाला मध-तूप व औषधसिद्ध तूप देऊन पुढे स्तन्य द्यावे असा क्रम आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात मात्र मध-तूप चाटविल्यानंतर बाळाला लगेच उजवा स्तन पाजावा असे सांगितले आहे. म्हणजे स्तनपानाचा आरंभ केव्हा करावा या प्रश्नावर दोन प्रमुख ग्रंथांतच मतभेद आहे.

येथे सुश्रुतसंहितेतील निरीक्षण चुकीचे नाही. वार पडल्यानंतर आईच्या शरीरातील संप्रेरकांत बदल होतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दुधाचे प्रमाण एकदम वाढते, हे आजचे शरीरक्रियाशास्त्रही मानते. फरक निष्कर्षात आहे. त्यापूर्वीचे दाट, पिवळसर, मोजके दूध म्हणजेच चीक होय. तो थोडा असतो, पण रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत बाळाची गरजही थोडीच असते. शिवाय बाळ याच दिवसांत लुचत राहिले तर पुढील दूध उत्तम येते. म्हणून जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे आणि पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मधात क्वचित असणाऱ्या जीवाणूंमुळे लहान बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असेही आज सांगितले जाते.

या विवेचनातून एक बाब लक्षात येते. परंपरेचा हवाला देताना समाजाने त्यातील एक मत निवडले व दुसरे विस्मृतीत गेले. त्यामुळे परंपरा विरुद्ध विज्ञान असा सरळ सामना मांडणे अपुरे ठरते. परंपरेतील कोणता आवाज उरला आणि का उरला, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

२. गोठ्यातील ज्ञान आणि बाळंतिणीची खोली

‘चीक’ हा शब्द मराठी माणसाला प्रथम आठवतो तो खरवसाच्या संदर्भात. गाय किंवा म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाचा खरवस हा पौष्टिक पदार्थ म्हणून आवडीने खाल्ला जातो, शेजारीपाजारी वाटला जातो. जनावराचा चीक मौल्यवान आणि बाईचा चीक टाकाऊ, असा विरोध एकाच घरात निर्विघ्नपणे नांदत होता. यामागे अज्ञान होते असे म्हणणे पुरेसे नाही, कारण चिकाचे मोल त्या घराला ठाऊक होते. ते ज्ञान बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचले नव्हते.

‘पान्हा’ या शब्दाविषयीही हेच म्हणता येईल. बाळाच्या लुचण्याने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि साठलेले दूध वाहू लागते. या क्रियेसाठी आरोग्यविषयक मराठी पुस्तकांतून अनेकदा लांबलचक पारिभाषिक शब्दप्रयोग केले जातात. मराठीत मात्र त्यासाठी पूर्वापार ‘पान्हा फुटणे’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. दूध काढणारा प्रत्येक गवळी आधी वासराला लुचू देतो, कारण वासरू लागल्याशिवाय गाय पान्हवत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. गाय बुजली, अनोळखी माणूस जवळ आला, तर ती ‘पान्हा चोरते’ हेही त्याला माहीत असते. वसई-विरार परिसरातील म्हशींच्या तबेल्यांतही हे ज्ञान रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. मानवी मातेच्या बाबतीतही भीती, वेदना, अपमान यांमुळे दूध वाहण्याच्या क्रियेत अडथळा येतो, असे आजचे शास्त्र सांगते. गाय पान्हा चोरते तेव्हा गवळी तिला शांत करतो. बाळंतिणीला दूध येत नाही तेव्हा मात्र तिला ‘हिला दूधच नाही’ असे ऐकविले जाते. या दोन वाक्यांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय होय.

३. साहित्यातील दूध : रूपकाचे सामर्थ्य आणि मर्यादा

वारकरी संतांच्या काव्यात विठ्ठल ‘माउली’ होतो, ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हटले जाते, भक्त वासरू होतो आणि पान्हा ही कृपेची खूण ठरते. या रूपकाचे सामर्थ्य वादातीत आहे. त्याने एका स्त्रीसुलभ, घरगुती अनुभवाला अध्यात्माच्या भाषेत सर्वोच्च स्थान दिले. तथापि रूपकाचा एक परिणाम दुर्लक्षिता येत नाही. कृपा न मागता मिळते, तसा पान्हाही आपोआप फुटतो असा समज त्यातून दृढ झाला. आईपण असेल तर दूध असणारच, ही धारणा जिला पहिल्या आठवड्यात अडचण येते त्या स्त्रीला अपराधी ठरविते.

लोकगीतांचा प्रवाह याहून निराळा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात संकलित केलेल्या ओव्या आणि पुढे हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या यांतून स्त्रियांच्या अनुभवाचा अफाट साठा उपलब्ध झाला आहे. ओवीतील मूल बहुधा पाळण्यात, मांडीवर वा अंगणात दिसते. त्याच्या रूपाचे कौतुक, त्याला दृष्ट लागण्याची धास्ती आणि माहेरच्या अंगड्या-टोपड्यांची ओढ या भावना तेथे ठळक आहेत. दृष्टीची ही धास्ती निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही. पहिल्या काही दिवसांत निरोगी दिसणारे बाळ अचानक दगावते, हा अनुभव असंख्य घरांनी घेतला होता. भीतीचे कारण खरे होते. त्याला दिलेले नाव वेगळे होते.

या पार्श्वभूमीवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयीच्या लेखनाचा विचार उद्बोधक ठरतो. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते अवघे दहा दिवस जगले. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ मधील इंग्रजी चरित्र, काशीबाई कानिटकर यांचे १८८९ मधील मराठी चरित्र, श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आणि २०१९ मधील याच नावाचा चित्रपट अशी या जीवनकथेची दीर्घ परंपरा आहे. समाजाच्या स्मरणात मात्र त्या दहा दिवसांना कारणाचे स्थान मिळाले आहे : बाळ गेले म्हणून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्या दहा दिवसांत बाळ काय प्याले, त्याला काय चाटविले गेले, ते लुचत होते की नव्हते, हे प्रश्न कथेच्या ओघात कोणी विचारीत नाही. मात्र स्वतः आनंदीबाईंनी प्रबंधासाठी निवडलेला विषय पाहता, ज्या ज्ञानाच्या अभावी ते मूल गेले त्या ज्ञानाकडेच त्या वळल्या, असे म्हणणे वावगे ठरू नये. मूल त्यांच्या चरित्रात प्रेरणा म्हणून उरले आणि त्यांच्या अभ्यासात विषय म्हणून आले. मराठी वाचकाने पहिले स्मरणात ठेवले, दुसऱ्याकडे तितकेसे लक्ष दिले नाही.

४. दोन पंचांगे

घरोघरी पाळला जाणारा जन्मविधींचा क्रम हे एक पंचांग मानता येईल. पाचवी, सटवाईची रात्र, सोयर फिटण्याचा दहावा दिवस, बारावा दिवस व बारसे आणि शेवटी सव्वा महिना. सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहून जाते ही श्रद्धा पहिल्या आठवड्यातील अनिश्चिततेचे प्रतिबिंब आहे. नवजात मृत्यूंपैकी मोठा भाग पहिल्या सात दिवसांतच घडतो, हे आकडेवारीने सिद्ध झालेले सत्य विधींच्या या क्रमातही सूचित आहे. बारशापूर्वी बाळाला नाव न देणे यामागेही हीच सावधगिरी दिसते.

दुसरे पंचांग गडचिरोलीत तयार झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. ३९ गावांत ही पद्धत राबवून ४७ गावांशी तिची तुलना करण्यात आली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाला. गावातीलच प्रशिक्षित स्त्री घरी जाऊन बाळाचे वजन करी, त्याचे तापमान पाही, ते नीट पिते की नाही हे पाही व जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करी. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या रूपाने हा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, तर घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवशी आणखी एक भेट, असा त्याचा क्रम आहे.

ही दोन पंचांगे शेजारी ठेवली असता त्यांतील साम्य नजरेत भरते. सव्वा महिना संपतो त्या सुमारास, साधारण सहाव्या आठवड्यात, बाळ समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. आशा कार्यकर्तीची शेवटची भेटही ४२ व्या दिवशीच असते. फरक असा की, एका पंचांगात बाळाच्या रक्षणाची भाषा आहे, तर दुसऱ्यात निरीक्षणाची. गडचिरोलीच्या प्रयोगाचे भाषिक महत्त्व येथेच आहे. ‘बाळ पीत नाही’ हे आजीचे जुने वाक्य तेथे तक्रार न राहता धोक्याचे लक्षण म्हणून नोंदले गेले. बाळ पुन्हा वाक्याचा कर्ता झाले.

महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयी बंग यांच्या पुढाकाराने निघालेल्या अहवालाचे ‘कोवळी पानगळ’ हे शीर्षकही या दृष्टीने विचारात घ्यावे लागते. पानगळ हा निसर्गक्रम आहे. तिच्याविषयी कोणाला जाब विचारता येत नाही. ‘कोवळी’ हे विशेषण मात्र त्या क्रमाला छेद देते, कारण ऋतुमानाने गळते ते जून पान. शीर्षकातील हा विरोध अहवालाचे म्हणणेच सांगतो : हे मृत्यू नैसर्गिक नाहीत. रूपकाने अनुभव झाकण्याऐवजी उघडा केल्याचे हे एक लक्षणीय उदाहरण होय.

५. ‘बाळसे’, ‘वरचे दूध’ आणि दोषारोप

‘बाळसे धरणे’ हा शब्दप्रयोग बाळाच्या वाढीचे अत्यंत सुंदर वर्णन करतो. तथापि ते कधी धरावे याविषयीची अपेक्षा व वास्तव यांत अंतर पडते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ते पूर्ववत होते. घट याहून अधिक असल्यास तपासणी आवश्यक असते. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ ‘सुकलेले’ दिसते. बारशाच्या दिवशी पाहुण्यांसमोर ते गुटगुटीत दिसावे अशी इच्छा असते. त्यातून ‘वरचे दूध’ सुरू होते.

‘वरचे’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. ‘अंगावरचे’ ते आतले, स्वतःचे. त्याखेरीज जे काही ते वरचे, बाहेरून घातलेले. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ कमी लुचते, कमी लुचल्याने दूध कमी तयार होते आणि ‘हिला दूध पुरत नाही’ हे भाकीत स्वतःच खरे ठरते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे, बाळाने केवळ स्तनाग्र नव्हे तर त्याभोवतालचा काळसर भागही तोंडात धरणे, या साध्या बाबी कोणी दाखवून दिल्या तर बहुसंख्य मातांची ही अडचण दूर होते. काही मातांना व बाळांना खरोखरच अन्य दुधाची गरज लागते, हेही नोंदविले पाहिजे. मुंबईत सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मानवी दुधाची पेढी सुरू झाली, ती याच गरजेतून. पर्यायी दूध व बाटल्यांच्या प्रचारावर नियंत्रण आणणारा केंद्रीय कायदा १९९२ मध्ये झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. कायद्याने जाहिरात थांबविता येते. घरातील वाक्य थांबविता येत नाही.

रुग्णालयातील प्रसूतीने हा प्रश्न आपोआप सुटेल ही अपेक्षाही फोल ठरली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. परंतु तीन वर्षांखालील मुलांपैकी ४१.८ टक्क्यांनाच जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळाले होते. खोली बदलली, तरी बाळंतिणीशी बोलण्याची रीत तितकी बदलली नाही.

६. पालघरचा संदर्भ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात या प्रश्नाचे दोन टोकाचे आविष्कार एकत्र आढळतात. एकीकडे २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले वसई-विरार शहर, जेथे सामवेदी, वाडवळी, मांगेली, वारली या बोलींबरोबर स्थलांतरितांच्या अनेक भाषा नांदतात. दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ भाग. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ च्या बालमृत्यूंनी संपूर्ण महाराष्ट्र हादरला होता. याच भागातील आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामासाठी स्थलांतर करतात. या कामाची मजुरी बहुधा विटांच्या संख्येवर ठरते.

‘बाळ मागेल तेव्हा पाजावे’ हे आरोग्य पुस्तिकेतील वाक्य शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्याचे विध्यर्थी क्रियापद जिच्याकडे वळते ती स्त्री हजार विटांच्या हिशेबात बांधलेली असेल, तर ते वाक्य सल्ला न राहता आणखी एक ओझे होते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, ती प्रामुख्याने संघटित नोकरीतील स्त्रियांना मिळाली. पुस्तिकेच्या वाक्यात मालक नाही, मुकादम नाही, नवरा नाही, सासू नाही. फक्त आई आहे. संतकाव्यातील रूपकाने जसे आईला एकटीला श्रेय दिले, तसे पुस्तिकेच्या आज्ञार्थाने तिला एकटीला जबाबदारी दिली.

बोलीचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. ‘नवजात अर्भक’, ‘स्तनपान’, ‘पूरक आहार’ हे शब्द वर्गात व कार्यालयात योग्य असतील. परंतु पाड्यावरील किंवा कोळीवाड्यातील स्त्रीशी बोलताना ते अंतर निर्माण करतात. चीक, पान्हा, लुचणे हे शब्द वा त्यांचे स्थानिक बोलीतील पर्याय वापरल्यास ऐकणारीला नवे काही शिकविले जात आहे असे न वाटता, तिला ठाऊक असलेलेच नीट मांडले जात आहे असे वाटेल. तान्हे बाळ म्हणजे अंगावर पिणारे बाळ. या शब्दाची व्याख्याच बाळाच्या कृतीने केलेली आहे, ही मराठीची मोठी ठेव आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, पहिल्या आठवड्यांतील आहाराविषयीची प्राचीन परंपरा बहुस्वरी असून चीक टाकण्याची रूढी हे तिचे एकमेव रूप नव्हे. दुसरी, बोलीतील शब्दसंपत्तीत बाळाच्या लुचण्याचा आणि आईच्या पान्ह्याचा परस्परसंबंध स्पष्ट होता. साहित्याने केवळ पान्हा उचलला आणि लुचणे सोडून दिले. तिसरी, आरोग्यविषयक लेखनाने बाळाच्या आहाराला महत्त्व दिले, परंतु आईभोवतीची माणसे व तिचे श्रम वाक्याबाहेर ठेवले. चौथी, गडचिरोलीच्या प्रयोगाने निरीक्षणाची भाषा घरापर्यंत नेऊन या उणिवेवर एक मार्ग दाखविला.

पालघर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना या संदर्भात एक निश्चित कार्य करता येण्यासारखे आहे. बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यातील शब्द, समजुती व विधी यांचा सामवेदी, वाडवळी, मांगेली व वारली बोलींतील कोश विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तयार करता येईल आणि तो आशा व अंगणवाडी कार्यकर्तींच्या हाती देता येईल. त्यासाठी ज्या वृद्ध सुइणींना व आज्यांना हे शब्द ठाऊक आहेत त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. भाषेच्या अभ्यासकाने हा कोश केला नाही तर शब्द हरवतील इतकेच नव्हे, तर बाळ पाचव्या दिवशी सुकलेले दिसले असता घाबरलेल्या आईशी कोणत्या शब्दांत बोलावे हेही हळूहळू कोणाला उमगेनासे होईल.